उसात कोण आहे?

नगर शहर आणि नागापूर यांच्यामध्ये सीना नदीचा पूल आहे. मनमाडकडे जाणारा रस्ता या पुलावरून पुढे जातो, मग एमआयडीसी लागते, आणि तिच्या तीन पाळ्यांवर इथल्या घरांची झोप आणि जाग ठरते. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. बोलताना मात्र अजून ‘नगरला जाऊन येतो’ असंच तोंडात येतं. नगरला जाण्याचं एक मोठं कारण पूर्वी सिनेमा हेच असायचं. टॉकिजा शहरात होत्या. आशा टॉकीजचं नाव तर आज एका चौकालाच चिकटलं आहे. शेवटचा खेळ सुटला की पुलापलीकडच्या माणसाला सायकलवर किंवा पायी परत यावं लागे, आणि १९८० च्या दशकात त्या रस्त्यावर आजच्यासारखे दिवे नव्हते.

भयपटांबद्दल लिहिताना मी या रस्त्यापासून सुरुवात करतो आहे, कारण ‘तुम्ही सगळ्यात जास्त कोणत्या सिनेमाला घाबरलात?’ असं कुणालाही विचारून बघा. सिनेमाचं नाव एका वाक्यात संपतं. मग कुठे बसून पाहिला, शेजारी कोण होतं, मधेच लाईट कशी गेली, घरी कसे आलो, रात्री मोरीत जायला कुणाला उठवलं, हे सगळं रंगून सांगितलं जातं. चित्रपट पडद्यावर अडीच तासांत संपतो. त्याची भीती मात्र प्रेक्षक आपल्या घरातल्या, वाटेवरच्या, शेतातल्या वस्तूंवर नेऊन बसवतो. ज्या सिनेमाला अशी वस्तू सापडते तो आयुष्यभर राहतो. ज्याला सापडत नाही तो कितीही रक्त सांडो, चहा पिईपर्यंत विसरला जातो.

रामसे बंधूंच्या यशाचं आणि मर्यादेचं मूळ इथेच आहे. त्यांचे वडील एफ. यू. रामसे मूळचे रामसिंघानी, कराचीत रेडिओचं दुकान चालवणारे; फाळणीनंतर ते मुंबईला आले. त्यांनी काढलेला ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ (१९७०) पडला. पण मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर चोरी करायला येतात, त्या प्रसंगाला प्रेक्षक खुर्चीत ताठ होतात, हे मुलांच्या लक्षात आलं. सात भावांनी मग तेवढंच करायचं ठरवलं. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करत, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनीकडे, कुमार लेखनाकडे. ‘दो गज ज़मीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरला चित्रित झाला आणि थोड्या पैशांत भरपूर चालला. पुढची जवळपास वीस वर्षं, ‘दरवाज़ा’, ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’, ‘बंद दरवाज़ा’ अशी ही मालिका छोट्या शहरांच्या टॉकिजांना आधार देत राहिली.

‘पुराना मंदिर’ (१९८४) हा त्यातला सर्वांत गाजलेला. सामरी या राक्षसाचं मुंडकं धडापासून तोडून वेगळं ठेवलेलं असतं, आणि मरताना त्यानं दिलेल्या शापानं राजघराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरते. सामरी झालेले अजय अगरवाल हे शिक्षणानं इंजिनिअर, अतिशय उंच; त्यांच्या चेहऱ्याला फार रंगरंगोटीची गरज लागली नाही. नगरच्या प्रेक्षकाला आणखी एक ओळखीचा चेहरा दिसायचा: शेवगाव तालुक्यातल्या अमरापूरचं नाव लावणारे, नगरला जन्मलेले सदाशिव अमरापूरकर. आदल्याच वर्षी ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी करून ते देशभर पोहोचले होते.

या सिनेमातल्या हवेल्या, मशाली, धुकं आणि निळे-लाल दिवे आपल्याकडच्या माणसानं प्रत्यक्षात कधी पाहिलेले नसत. म्हणून टॉकिजात किंचाळलेली माणसं बाहेर येऊन हसत. पण बाळंतपणाचा शाप मात्र हसण्यावारी जात नसे. घराघरात पहिलटकरीण होती, आणि प्रसूतीत दगावलेली कुणी ना कुणी बाई प्रत्येक कुटुंबाला माहीत होती. मला वाटतं, ‘पुराना मंदिर’ आईबरोबर पाहिलेल्यांना जो आठवतो, तो सामरीपेक्षा त्या शापामुळे.

मग आला व्हीसीआर. टीव्हीसकट एका रात्रीसाठी भाड्यानं आणायचा, गल्लीत वर्गणी काढायची, आणि पहाटेपर्यंत तीन कॅसेट संपवायच्या. एक धार्मिक किंवा कौटुंबिक बायकांसाठी, एक मारधाडीची, आणि शेवटची भुताची. तोपर्यंत लहान मुलं झोपलेली असतील असा मोठ्यांचा समज असायचा. मुलं झोपलेली नसत. चादरीच्या भोकातून पाहिलेला भयपट हा आपल्याकडच्या एका पिढीचा सामाईक अनुभव आहे. खेड्यापाड्यांतल्या जत्रांमध्ये हेच काम तंबूतल्या टुरिंग टॉकिजा करत. अमित मधेशिया या छायाचित्रकारानं महाराष्ट्रातल्या तंबूंत पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांचे चेहरे टिपले. त्या मालिकेला २०११ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. पडद्यावर काय चाललं आहे हे त्या चित्रांत दिसत नाही, तरी कळतं.

आता दचकण्याबद्दल. कानावर अचानक मोठा आवाज आदळला की मान आखडते, पापण्या मिटतात, खांदे वर येतात. विचार करणारा मेंदू जागा होण्याच्या आत, सेकंदाच्या लहानशा तुकड्यात हे होऊन गेलेलं असतं. ‘हा सिनेमा आहे’ हे ज्ञान तिथे पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. १९४२ च्या ‘कॅट पीपल’ या अमेरिकी चित्रपटात एक बाई रात्री एकटी चालली आहे. मागून पावलांचा आवाज येतो, मग तो आवाज थांबतो. ती घाबरून वळते, आणि श्वापदाच्या फुत्कारासारखा आवाज करत एक बस तिच्या पुढ्यात येऊन उभी राहते. निर्माता व्हॅल ल्यूटन याच्या नावानं ही युक्ती आजही चित्रपटवाल्यांत ओळखली जाते. रात्री उशिरा मनमाड रोडला एसटीची वाट पाहत उभं राहिलेल्या कुणालाही तो प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

दचकणं क्षणाचं असतं. ते टिकवायला आवाजाची जात ओळखावी लागते. कॅलिफोर्नियातले प्राणिशास्त्रज्ञ डॅनियल ब्लूमस्टाइन हे मार्मोट नावाच्या डोंगरी प्राण्यांचा अभ्यास करत. पकडलेली पिल्लं ज्या फाटक्या, खरखरीत आवाजात ओरडत, तो ऐकून त्यांच्या स्वतःच्या अंगावर काटा आला. मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शंभराहून जास्त चित्रपटांचे ध्वनी तपासले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, भयपटांत असे फाटलेले आवाज आणि किंकाळ्या जाणीवपूर्वक जास्त वापरल्याचं दिसलं. घसा ताणून, मर्यादेबाहेर जाऊन काढलेला आवाज म्हणजे संकटात सापडलेलं पिल्लू, हे सस्तन प्राण्यांच्या कानात फार जुनं कोरलेलं आहे. हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) स्नानगृहातल्या प्रसंगाला आधी संगीत नकोच होतं. बर्नार्ड हर्मन यांनी तरीही फक्त तंतुवाद्यांवर तो तुकडा रचला, व्हायोलिनना अक्षरशः किंचाळायला लावलं, आणि हिचकॉकनं तो मान्य केला.

उलट टोकाचं उदाहरण आपल्याकडचं आहे. ‘महल’मध्ये (१९४९) हळू आवाजानं भीती निर्माण होते. खेमचंद प्रकाश यांच्या चालीवरचं ते प्रसिद्ध गाणं ध्वनिमुद्रित करताना तरुण लता मंगेशकर खोलीच्या दूरच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या. कुणीतरी लांबून आपल्याकडे येत आहे, हा भास त्या चालण्यातून तयार झाला. मराठीत ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) या वसंत जोगळेकरांच्या चित्रपटानं तीच वाट धरली. भूमिका आशा काळे आणि काशीनाथ घाणेकर यांच्या, शब्द सुधीर मोघे यांचे आणि चाल हृदयनाथ मंगेशकरांची. भुताची गोष्ट म्हणून सुरू होणारा हा चित्रपट मनाच्या अंधाराकडे वळतो, आणि त्यातलं रात्रीचं गाणं रेडिओवर लागलं की चित्रपट न पाहिलेली मुलंसुद्धा अंथरुणात आत सरकत.

मुलांची भीती हा वेगळाच प्रांत आहे. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) हा विनोदी चित्रपट. त्यातला तात्या विंचू हा गुंड मरताना आपला जीव बोलक्या बाहुल्यात घालतो. कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटावरून सुचलेली, पण बाहुला रामदास पाध्ये यांचा, तात्याचा आवाज आणि रुबाब दिलीप प्रभावळकरांचा, आणि बाहुल्याच्या तावडीत सापडलेला लक्ष्मीकांत बेर्डे. मोठी माणसं पोट धरून हसत होती. त्याच खोलीत बसलेली पाच-सहा वर्षांची मुलं मात्र पुढची कित्येक वर्षं खेळण्यातल्या बाहुलीकडे पाठ करून झोपायला तयार नव्हती. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या मराठी माणसांना सर्वांत घाबरवणारा चित्रपट विचारला, तर ‘एक्सॉर्सिस्ट’च्या आधी तात्या विंचूचं नाव येतं. त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

याचं कारण अमेरिकेतल्या संशोधक जोआन कँटर यांच्या अनेक वर्षांच्या कामातून कळतं. साधारण सात-आठ वर्षांपर्यंतचं मूल गोष्टीच्या अर्थापेक्षा दिसण्याला घाबरतं. चेहरा विद्रूप असेल, तर तो विनोदी आहे का चांगला आहे याला त्याच्या लेखी महत्त्व नसतं. ‘हे खोटं आहे’ असं समजावून फारसा उपयोगही होत नाही. मोठ्या मुलांचं आणि मोठ्यांचं उलटं. १९८३ मध्ये अणुयुद्धानंतरचं जग दाखवणारा ‘द डे आफ्टर’ अमेरिकी टीव्हीवर लागला, तेव्हा सर्वांत लहान मुलं सर्वांत कमी अस्वस्थ झाली, कारण भीती चित्रांत नसून अर्थात होती. कँटर आणि क्रिस्टन हॅरिसन यांनी १९९९ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणीच्या अशा अनुभवांबद्दल विचारलं. दहातल्या नऊ जणांकडे सांगायला प्रसंग होता, आणि सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मनात त्याचा परिणाम अजून शिल्लक होता. म्हणून घरातल्या लहानग्यानं बाहुली कपाटात ठेवायला सांगितली, तर ठेवावी. तेव्हा व्याख्यान देऊ नये, जवळ बसावं.

आता त्या वस्तूंकडे येतो, ज्यांच्यावर आपली भीती बसते. नागापूरपासून तासाभराच्या अंतरावर, नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. तिथली घरं बिनदाराची म्हणून देशभर प्रसिद्ध आहेत. चोरी करणाऱ्याला शनिदेव शिक्षा करतो या श्रद्धेवर गाव चालत आलं, आणि २०११ मध्ये तिथे सुरू झालेल्या बँकेच्या शाखेलाही कुलूप नव्हतं. जगभरातल्या भयपटांचा अर्धा डोलारा बंद दारामागे काय आहे या प्रश्नावर उभा असताना, आपल्या जिल्ह्यातलं एक गाव दारच काढून टाकतं आणि राखणीचं काम भीतीवर सोपवतं. समाज भीतीचा उपयोग किती निरनिराळ्या कामांसाठी करून घेतो, याचं इतकं उघड उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

विहीर घ्या. जपानच्या ‘रिंग’मध्ये (१९९८) विहिरीतून वर येणारी सदाको व्हिडिओ कॅसेटमधून घरात शिरते. आपल्याकडे विहिरीच्या काठी सातीआसरांना नारळ फोडला जातो, आणि भर दुपारी एकट्यानं आडात डोकावू नये असं प्रत्येक आजी सांगते. त्या सांगण्यामागे कठडा नसलेल्या विहिरीत पडणाऱ्या मुलांची काळजी होती. ‘रिंग’ आपल्याकडे इतका पटकन समजला, तो यामुळे.

पावसाचं गणित मात्र उलटं आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हा मराठी मातीतून उगवलेला सर्वांत मोठा भयपट. नारायण धारप यांची एक कथा बर्वेंनी १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून ऐकली होती, नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलं. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झालं, मनासारखं झालं नाही म्हणून २०१५ मध्ये पुन्हा करावं लागलं, आणि खऱ्या पावसाळी उजेडासाठी एकामागून एक पावसाळे थांबावं लागलं. सासवडच्या वाड्यात, कोकणात, साताऱ्याच्या बाजूला त्याची दृश्यं टिपली गेली. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणात ओल अक्षरशः भिंतीतून झिरपते. हस्तर या लोभी देवाचं मंदिर बांधलं म्हणून इतर देव कोपले, आणि तुंबाडवर न थांबणारा पाऊस पडत राहिला.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या माणसाला हा पाऊस लगेच गुदमरवतो. नगर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातही भरवसा नाही. इथला प्रेक्षक जून महिन्यात आभाळाकडे बघत बसलेला असतो. पाऊस शाप असू शकतो ही कल्पना त्याला आधी परकी वाटते. मग चित्रपटाचा नायक विनायक पुन्हा पुन्हा तुंबाडच्या वाड्याकडे जातो, जेवढं हवं त्यापेक्षा एक मुद्रा जास्त उचलू बघतो, आपल्या मुलालाही त्याच खड्ड्यात उतरायला शिकवतो, आणि नगरचा प्रेक्षकही अडकतो. कारण लोभाला पर्जन्यमान लागत नाही. १३ सप्टेंबर २०२४ ला हा चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. मधल्या सहा वर्षांत लोकांनी तो मोबाईलवर पाहिला होता, आणि तरीही अंधारात, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून पाहायला ते परत आले.

आणि ऊस. या प्रकरणाचं नाव ज्याच्यावरून आलं तो विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७). कर्जदारांपासून लपण्यासाठी एक जोडपं, त्यातली बायको गरोदर, ओळखीच्या ड्रायव्हरच्या घरी येतं. घराच्या चारी बाजूंना ऊस. पूजा सावंत त्या बाईच्या भूमिकेत आणि तुळसाबाईच्या भूमिकेत उषा नाईक. भूत दिसण्याच्या कितीतरी आधी ती उसाची भिंत घाबरवायला लागते: वारा नसताना हलणारी पानं, पुढे पाच हातांपलीकडे काहीच न दिसणं, आणि ज्या वाटेनं निघालो तिथेच परत येणं.

नगर जिल्ह्यात हे सांगण्यासारखं काही नाही, कारण इथे ऊस म्हणजे पोट. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला उभारलेला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला आणि जिल्ह्याचा उत्तर भाग हिरवा झाला. त्याच उसानं एक रहिवासीही आणला. उंच, गार, दाट, वर्षभर कुणी आत न येणारं पीक बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला उत्तम वाटतं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे राखीव जंगल नाही, माणसांची दाट वस्ती आहे, अशा शेतीच्या खोऱ्यात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. तोडणी सुरू झाली की फडात पिल्लं सापडल्याची बातमी दर हंगामात येते. उसात कोण आहे, हा इथे पडद्यावरचा प्रश्न राहत नाही. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाणारा शेतकरी तो रोज विचारतो.

वाट हरवण्यामागेही काहीतरी आहे. आपल्याकडे त्याला चकवा लागणं म्हणतात आणि तो एका भुताचा खेळ मानतात. जर्मनीतल्या ट्यूबिंगेन इथले संशोधक यान सूमन यांनी माणसांना घनदाट अरण्यात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ चालली. ढग आले, चंद्र मावळला की गोल फिरून आपलीच वाट ओलांडू लागली, आणि आपण सरळच चालतो आहोत अशी त्यांची खात्री होती. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. डोळ्यांना दूरची खूण मिळाली नाही की शरीराची दिशा थोडी थोडी ढळत जाते, आणि ढळणं साचत जातं. फडात आकाशाची फक्त एक पट्टी दिसते. फुरियांनी चकव्याच्या जागी हेच शास्त्र नकळत वापरलं आहे.

‘लपाछपी’ माझ्या मनात एवढा वर आहे तो मात्र त्यामागच्या गोष्टीमुळे. तिथल्या भुतांचा जन्म मुलगाच हवा या हट्टातून, मुली नको म्हणून केलेल्या खुनांतून झाला आहे. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, १९८८ सालीच. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, आणि नगर जिल्ह्यात त्याहूनही कमी. जिल्हा श्रीमंत होत गेला, ऊस वाढत गेला, आणि मुली कमी होत गेल्या. हा चित्रपट ज्या उसात उभा आहे तिथे तो शोभेसाठी उभा नाही. पुढे फुरियांनीच तो ‘छोरी’ (२०२१) म्हणून हिंदीत केला. ‘पुराना मंदिर’मध्ये बाळंतपणाचा शाप राक्षसाच्या तोंडी होता, इथे तो घरातल्या माणसांनी दिला आहे.

हे सगळं पैसे देऊन का पाहावं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी आधी मेक्सिकोत मिरचीचा अभ्यास केला. जीभ संकटाची सूचना देत असते, मनाला मात्र माहीत असतं की संकट नाही, आणि त्या दोन्हींच्या फटीत मजा तयार होते. भयपटाची गोडीही त्यांनी याच गटात टाकली. भाकरीबरोबर ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा बोट लावणाऱ्या माणसाला हे पटायला हरकत नाही. यापलीकडे मला त्यात गूढ दिसत नाही.

गंभीर गोष्ट दुसरी आहे. भीती वस्तूंवर बसते तशी माणसांवरही बसते, आणि वस्तूला त्याचा त्रास होत नाही, माणसाला होतो. पुन्हा अमरापूरकरांकडे यावं लागतं. ‘सड़क’ (१९९१) हा भुताचा चित्रपट नाही, पण त्यातली अमरापूरकरांनी साकारलेली तृतीयपंथी महाराणी पाहून थरकापलेली माणसं आजही भेटतात. खलनायकासाठीचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार त्यांना त्याच भूमिकेसाठी मिळाला, आणि अभिनय म्हणून ती भूमिका थोरच आहे. पण त्यानंतर सिग्नलला टाळी वाजवत आलेल्या माणसाकडे बघून मुलं आईच्या मागे लपू लागली, हेही खरं. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची ओळख आणि हक्क मान्य केले. पडद्यानं दिलेली भीती निकालानं पुसली जात नाही. चेटकीण, डाकीण, झपाटलेली बाई दाखवणाऱ्या शेकडो चित्रपटांचंही असंच. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये झालेल्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची वाचून पाहा. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधणं, काठीनं किंवा चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं. भयपटात ज्या दृश्यांना आपण टाळ्या वाजवतो, ती तिथे एकेक करून गुन्हा म्हणून नोंदवली आहेत.

म्हणून माझ्या यादीत सर्वांत वर ‘गहराई’ (१९८०) आहे. विकास देसाई आणि अरुणा राजे यांचा हा चित्रपट ‘द एक्सॉर्सिस्ट’ (१९७३) जगभर गाजल्यानंतर आला, आणि त्याच साच्यातला म्हणून तेव्हा बाजूला ठेवला गेला. साचा वरवरचा आहे. शहरात राहणारा एक सुस्थितीतला माणूस गावाकडची वडिलोपार्जित जमीन कारखान्यासाठी विकतो. ती जमीन राखणारा बसवा कळवळतो. थोड्याच दिवसांत मालकाची शाळेत जाणारी मुलगी विचित्र वागू लागते, परक्या आवाजात बापाला जाब विचारू लागते. ती मुलगी पद्मिनी कोल्हापुरे, आणि बाप डॉ. श्रीराम लागू. मांत्रिक येतात, पूजा होतात, मुलीच्या शरीराचे हाल होतात, डॉक्टरांचे उपायही तितकेच निर्दय दिसतात. आणि हळूहळू कळतं की या घरावर आलेल्या संकटाचं मूळ त्या बापानं बसवाच्या बायकोवर केलेल्या अत्याचारात आहे.

एमआयडीसीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला या चित्रपटातली जमीन फार जवळची वाटते. शेताचा कारखाना होताना कुणाला नोकरी मिळाली, कुणाला मोबदला, आणि जो नुसता राखणदार होता त्याला काय मिळालं, हे इथल्या जुन्या घरांना विचारावं लागत नाही. ‘गहराई’ची भीती त्या हिशोबातून येते, आणि ती एखाद्या दुबळ्या माणसाच्या माथी न मारता चित्रपट सरळ घराच्या कर्त्याकडे बोट दाखवतो. पहिल्यांदा पाहणार असाल तर मांत्रिकांच्या प्रसंगांत मुलीवरून नजर काढून डॉ. लागूंच्या चेहऱ्याकडे बघा. सगळ्यांना भूत शोधायचं आहे. त्या एका माणसाला मात्र पहिल्या आवाजापासून माहीत आहे की बोलतं आहे कोण.